सहाशे मनगटं

माझा भाऊ राजा होता. राजा असताना त्याने माझ्याकडे एकच गोष्ट मागितली: मला राजा राहू देऊ नकोस. ती मी दिली नाही. न देण्यासाठी मी काय केलं ते थाहिनमध्ये सगळ्यांना माहीत आहे, पण दोष देताना लोक भावाला देतात. मेलेल्या राजाला शिव्या घालणं जिवंत म्हातारीला घालण्यापेक्षा सोपं असतं. मी विहाराच्या भिंतीबाहेर बसून चार अक्षरं शिकले, मुलींना आत बसवत नसत. तेवढ्या अक्षरांत जे मावेल ते लिहिते.

त्याचं लहानपणचं नाव कोप, म्हणजे बेडूक. आई त्याला जन्म देऊन चौथ्या दिवशी गेली. भुतांना वाटावं, हे टाकाऊ पोर आहे, उचलून न्यायच्या लायकीचं नाही, म्हणून आमच्यात राजाच्या मुलालाही असलंच नाव ठेवतात. मी बारा वर्षांची होते. दूध दाईचं, पण मांडी माझी. पहिलं पाऊल त्याने टाकलं ते माझा परकर धरून.

आमचा बाप थाहिनचा राजा, म्हणजे काय, तर दर तीन वर्षांनी सोन्याचं एक झाड आणि चांदीचं एक झाड घडवून होडीतून बँकॉकला, सयामच्या राजाला, पाठवायचा. झाडं वेळेवर पोचली तर राजा, नाही पोचली तर कोण जाणे कोण. झाड हातभर उंच, पानंफुलं सगळी पत्र्याची. मी एकदा बापाला म्हणाले, "सोनं आपल्या नदीतलं, सोनार आपला, आणि सावली तेवढी त्यांच्या अंगणात."

बाप म्हणाला, "सीदा, तुझी जीभ कुणीतरी मिरचीच्या खलात ठेवून विसरलंय."

कोप नऊ वर्षांचा असताना नदीला पूर आला आणि झाडं दोन महिने उशिरा पोचली. पुढच्या होडीने सयामचे लोक आले आणि कोपला पाहुणा म्हणून घेऊन गेले. सतरा वर्षं तो पाहुणा राहिला. बाप गेला तेव्हा त्यांनी त्याला परत पाठवला, राजा करून. पदवीही तिकडूनच आली होती. ती इतकी लांब होती की वाचताना कारकुनाला मध्ये दोनदा श्वास घ्यावा लागला.

परत आला त्या दिवशी दरबाऱ्यांना जेवण होतं. त्याच्यापुढे चिकट भाताची टोपली ठेवली. त्याने हात घातला आणि भात बोटांना असा लडबडला की सोडवता येईना. सतरा वर्षं तो चमच्याने मोकळा भात खात होता. दरबारी खाली माना घालून हसायला लागले. मी उठले, त्याच्याजवळ बसले आणि त्याचा हात धरला.

"असं. तीन बोटांनी घ्यायचा. तळहाताला लागू द्यायचा नाही. मुटका वळायचा आणि मग चटणीत बुडवायचा."

"अक्का, लोक बघताहेत," तो पुटपुटला. बोलणंही सयामी वळणाचं झालं होतं, शब्द ओढून ओढून.

"बघू देत. बेडकाला पोहायला शिकवतेय."

तो हसला. त्याच्या हसण्यावरून मी त्याला ओळखलं. तोवर मला खात्री नव्हती की त्यांनी आमचाच परत पाठवलाय.

पहिली बारा वर्षं त्याने असं राज्य केलं. कुणाला मोठी शिक्षा करायची तर बँकॉकला विचारायचं. शेजारच्या राजाला पत्र लिहायचं तर बँकॉकला दाखवायचं. वर्षातून दोनदा विहारात जाऊन, तलवार बुडवलेलं पाणी ओंजळीने प्यायचं आणि म्हणायचं, "सयामशी बेइमान झालो तर हेच पाणी मला आतून कापो." ते पाणी प्याला की कोप दोन दिवस जेवत नसे. मी टोमणे मारायची. "कापलं का रे आतून? दाखव बघू." तो म्हणायचा, "अक्का, तू पी एकदा, मग बोल." भांडणं अशी, सुपारी कातरता कातरता. मला वाटायचं, हे असंच चालेल.

तेराव्या वर्षी, भात झोडून झाल्यावर, बँकॉकचा सरदार पाच होड्या घेऊन आला. हुकूम असा होता: अठरा ते साठ वयाच्या प्रत्येक पुरुषाच्या मनगटावर सुईने शाई टोचायची. गावाचं नाव आणि धन्याचं, म्हणजे कोपचं, नाव. शाईवाला माणूस वर्षातले तीन महिने सरकारचा. नाहीतर तेवढ्याच्या बदल्यात डोंगरातून वेलदोडे वेचून द्यायचे. पळून गेला तर कुठल्याही घाटावर त्याचं मनगट उलटं करून बघायचं, की झालं. थाहिनच्या वाट्याला सहाशे मनगटं आली, आणि ती वर्षावासाच्या आत, भिक्खू पावसाळ्यासाठी विहारात बसायच्या आधी हवी होती.

खबर होड्यांच्या आधी पोचली होती. गावंच्या गावं रानात गेली. पहिल्या महिन्यात सरदाराच्या हाती एकतीस माणसं लागली, त्यातली निम्मी पळता न येणारी. सरदार कोपला म्हणाला, "आपलं ऐकत नसतील तर आपल्या चुलतभावाचं ऐकतील. लून रोज घाटावर येऊन बसतात. मला पानविडे आणून देतात. मोठे प्रेमळ गृहस्थ."

त्याच दुपारी कोप माझ्याकडे आला. मी मागावर विणत होते. तो खाली चटईवर बसला, राजासारखा नाही, लहानपणी बसायचा तसा, गुडघे पोटाशी घेऊन.

"अक्का, मला चीवर दे."

आमच्यात भिक्खू व्हायचं तर चीवर आईच्या हातून घ्यावं लागतं. त्याची आई म्हणजे मीच.

"कुणासाठी?" मी विचारलं, जसं काही मला कळलंच नव्हतं.

"माझ्यासाठी. मुंडण करतो. गादी लूनला जाऊ दे."

"लूनला? ज्याला पाच वर्षांचा होईपर्यंत नाक पुसता येत नव्हतं त्याला?"

"आता येतं, अक्का."

"आणि तो काय सुया टोचू देणार नाही? तो तर स्वतः शाई घोटून देईल."

"देईल. पण टोचताना नाव माझं नसेल."

"बापाने सोन्याची झाडं घडवताना डोळे घालवले, ते तू डोकं भादरून बसावंस म्हणून?"

तो म्हणाला, "बापाने मलाही दिलं, अक्का. झाडांबरोबर. मला कुणाला द्यायचं नाही."

माझा धोटा थांबला नाही. मी म्हणाले, "चीवर मिळणार नाही. ऊठ, दरबारात जा."

तो उठला आणि गेला.

मी हे त्याच्यासाठी केलं असं पुष्कळ वर्षं सांगत होते. घराण्यासाठी, बापासाठी, थाहिनसाठी. खोटं आहे. लून राजा झाला असता तर त्याची बायको माझ्यापेक्षा वरच्या चटईवर बसली असती आणि मला तिच्यापुढे वाकावं लागलं असतं. ती कोंबड्या विकणाऱ्याची मुलगी. मला वाकायचं नव्हतं. सगळ्याच्या तळाशी एवढंच होतं.

त्या दिवसापासून कोपचं जेवण तुटलं. ताप बारीक, अंग थंड. आमच्यात म्हणतात, माणसाच्या अंगात बत्तीस जीव असतात, एक केसात, एक गुडघ्यात, एक टाचेत. दात बत्तीस, जीव बत्तीस. दात पडले तर पेज प्यावी. जीव भटकला तर त्याला हाक मारून परत बोलवावा आणि मनगटाला पांढरा सुती दोरा बांधून आत कोंडावा. दोऱ्याचं बोलावणं आलं की जावंच लागतं. भांडण असो, कोर्टकज्जा असो, रानात लपलेला असो. आणि दोऱ्याला आलेल्या माणसाला कुणी हात लावत नाही. हे कुठे लिहिलेलं नाही. लिहायची कधी गरजच पडली नव्हती.

मी सरदाराकडे गेले. तो ओसरीवर पान चघळत बसला होता.

"राजा आजारी आहे," मी म्हणाले. "आम्ही दोरा बांधणार. रानातले लोक येतील."

"किती?"

"चारशे तरी. जास्तच."

"आणि मनगटं?"

"पुढे करूनच येतील. दोरा मनगटालाच बांधतात."

त्याने पान थुंकलं आणि माझ्याकडे नीट पाहिलं. "बाईसाहेब, तुम्ही बँकॉकला जन्मल्या असता तर मंत्री झाल्या असता."

ते ऐकून मला बरं वाटलं. लिहायला हात जड होतो, पण बरं वाटलं होतं.

मी दोन अटी घातल्या. गादी कोपकडेच राहील. आणि कोपला आधी काही कळणार नाही. तो म्हणाला, सहाशेला चारशे कमी पडतात, पण मनापासून केलेलं काम मी वर कळवीन.

निरोप देऊन मी माझ्या जावयाला पाठवलं. थिट ओन त्याचं नाव. दोन वर्षं भिक्खू राहून आलेला, म्हणून नावाआधी थिट. आमच्यात मुलगी सासरी जात नाही, जावईच सासुरवाडीला येतो. घरजावई ही आमच्यात शिवी नाही, रीत आहे. ओनला रानातल्या वाटा माहीत होत्या, आणि मुख्य म्हणजे त्याचं तोंड असं होतं की त्यावर कुणीही विश्वास ठेवावा. त्याला मी काहीच सांगितलं नाही. सुताच्या लडी त्याच्या झोळीत घातल्या आणि म्हणाले, "आधी मूनआबांकडे जा."

मूनआबा म्हणजे नदीपलीकडच्या गावचा म्हातारा. जीवांना हाक मारायचे मंत्र त्याच्याइतके कुणाला येत नव्हते. माझ्या तिसऱ्या बाळंतपणात मी गेल्यातच जमा होते. नवऱ्याने चितेची लाकडंही बघून ठेवली होती. तेव्हा मूनआबा रात्रंदिवस उशाशी बसून हाका मारत राहिला. लोक ओनच्या सांगण्यावर आले नसते कदाचित. मूनआबा चालायला लागला म्हणून त्याच्यामागून आले.

ठरलेल्या दिवशी सकाळी उन्हं वर येता येता राजवाड्याचं अंगण भरलं. बायका रानातच ठेवल्या होत्या, पुरुष तेवढे आले होते, अंगावर रानातला चिखल, हातात जमेल ते. कुणी अंडं, कुणी केळी, कुणी मुठीएवढा भात पानात गुंडाळून. मध्ये केळीच्या पानांचा आणि फुलांचा मनोरा. मूनआबाने गळा साफ केला आणि हाक मारली, "ये रे जीवा, ये. रानात असशील तर ये, पाण्यात असशील तर ये. घर इथे आहे, भात इथे आहे, बहीण इथे आहे."

मी तिथेच बसले होते, हात जोडून.

मग सगळे एकेक करून कोपजवळ आले आणि त्याच्या मनगटाला दोरा बांधला. बांधताना प्रत्येकाने काहीतरी म्हणायचं असतं. कुणी म्हणालं, झोप लागो. कुणी म्हणालं, भूक लागो. एक जण म्हणाला, "महाराज, माझी म्हैस हरवलीय, तुमचे जीव रानातून येताना दिसली तर हाकलत आणा म्हणावं." सगळं अंगण हसलं. कोप हसला. कोपरापर्यंत त्याचे हात पांढरे झाले. त्याने अंडं सोलून खाल्लं, तीन बोटांनी मुटका वळून भात खाल्ला. मग त्याने आणि मी त्यांच्या मनगटांना दोरे बांधले. चारशे बारा माणसं होती. मी मोजत होते.

मग सांगितलं, मागच्या हत्तीखान्यात जेवण आहे, दहा दहा जणांनी जायचं.

पहिले दहा गेले. दरवाजे बंद झाले. सयामचे शिपाई भिंतीकडेने उभे राहिले. अंगणातल्यांना कळायला थोडा वेळ लागला. कळलं तेव्हा ओरडले नाहीत. त्यांनी मूनआबाकडे पाहिलं. मूनआबाने माझ्याकडे पाहिलं.

गलका झाला तो नंतर, हत्तीखान्यातून. मी धावले. टोचणाऱ्याला मनगटावर जागा हवी होती आणि तिथे दोरा होता, म्हणून त्याने चाकू काढला होता. आमच्यात दोरा कापत नाहीत. तीन दिवस ठेवतात आणि मग गाठ हाताने सोडवतात. कापला तर परत आलेला जीव तुटतो. शिपायांनी दंड धरले तेव्हा गप्प राहिलेली माणसं चाकू बघून खवळली होती.

तेव्हा मी काय म्हणाले? "थांबा" म्हणाले नाही. "यांना सोडा" म्हणाले नाही. माझ्या तोंडातून आलं, "चाकू नको. गाठी मी सोडवते."

आणि मी बसले. सुईवाल्याच्या शेजारी, शाईच्या वाटीजवळ. सकाळी ज्या हातांनी बांधले त्याच हातांनी एकेक दोरा सोडवून दिला. जागा मोकळी केली. सुताची गाठ घामाने घट्ट होते, नखं लागतात. माणसं मनगट पुढे करत होती. दोऱ्याला मनगट पुढे करताना दुसरा हात छातीशी उभा धरायची रीत आहे. कित्येकांनी सवयीने तोही धरला. माझं एक नख मोडलं तेव्हा एक म्हातारा होत आलेला माणूस म्हणाला, "सावकाश, बाईसाहेब. घाई नाही."

दुपार उलटल्यावर माझ्यासमोर जे मनगट आलं ते ओनचं.

"तू कशाला इथे?" मी म्हणाले. "राजघराण्याला माफी आहे. जा घरी."

"आई, यांना बोलवायला मी गेलो होतो."

"तुला माहीत नव्हतं."

"यांनाही नव्हतं. सोडवा गाठ."

"ओन, माझ्या मुलीचा विचार कर."

"तिचाच करतोय. संध्याकाळी तिच्यासमोर जेवायला बसायचंय."

मी गाठ सोडवली. तीही मीच बांधलेली होती.

तेवढ्यात कोप आला. कुणीतरी त्याला सांगितलं असणार, किंवा कुणी सांगायची गरज पडली नसेल. तो रांगेत उभा राहिला नाही, सरळ सरदारापुढे गेला आणि दोन्ही हात पुढे केले, कोपरापर्यंत पांढऱ्या दोऱ्यांनी भरलेले.

"मलाही टोच."

सरदार उठून उभा राहिला, अदबीने वाकला. "महाराज, आपल्या मनगटाला शाई लागत नाही. आपलं नाव इतरांच्या मनगटांवर आहे."

कोपने माझ्याकडे पाहिलं. माझ्या मांडीवर सुटलेल्या दोऱ्यांचा ढीग होता. तो आत गेला.

संध्याकाळी दरवाजे उघडले. मूनआबा साठीच्या पलीकडचा, त्याला टोचलं नव्हतं. त्याच्या दोन्ही मुलांना टोचलं होतं. तो माझ्यासमोर येऊन थांबला.

"पोरी," तो म्हणाला, "तुला मी परत बोलावलं होतं ते चुकलं असं मी म्हणत नाही. पण आता माझ्या हाकेला कोण येईल?"

मी म्हणाले, "आबा, गादी राहिली." खरंच असं म्हणाले.

गादी राहिली. अकरा वर्षं राहिली. बँकॉकहून कोपला सोन्याची पानदानी आली. त्या अकरा वर्षांत त्याने मला अक्का म्हटलं नाही. "आपण" म्हणायचा. आपण बसा, आपलं जेवण झालं का, आपली तब्येत कशी आहे. सगळ्यांसमोर माझा मान ठेवायचा, मला वरच्या चटईवर बसवायचा. मी एकदा चिडून म्हणाले, "अरे, शिव्या दे एकदाच्या." तो म्हणाला, "आपण मोठ्या आहात." डोंगरात वेलदोडे वेचायला गेलेले किती तापाने परत आले नाहीत ते तो रोज कारकुनाला विचारायचा आणि ऐकून घ्यायचा. त्याबद्दल करता काहीच येत नव्हतं. शाईत नाव त्याचं होतं.

घरी ओन रोज सकाळी माझ्याच टोपलीतला भात घ्यायला हात पुढे करायचा. तो त्या दिवसाबद्दल कधी एक शब्द बोलला नाही. मुलगी बोलायची, पण मीठ आण, चूल बघ, एवढंच.

कोप गेला. बँकॉकने गादी लूनला दिली, एका कागदावर, एका शिक्क्यात. कोपला नंतर झालेल्या मुलाचं नावही कुणी काढलं नाही. लूनच्या बायकोपुढे मी वाकले. कंबर मोडली नाही. दोन श्वासांचं काम होतं. ती बिचारी लाजून म्हणाली, "वन्सं, राहू द्या हो." इतकं सोपं होतं ते.

त्या वर्षीच्या नव्या वर्षाला मी नदी ओलांडून मूनआबाच्या गावाला गेले. नव्या वर्षाला लहानांनी मोठ्यांच्या हातावर सुगंधी पाणी घालून झाल्या-गेल्याची क्षमा मागायची असते. माझ्याकडे सगळे यायचे, मी कुणाकडे जायची नाही. मूनआबा केव्हाच गेला होता. त्याची एक सून घरात होती, नवरा डोंगरातून न आलेली, माझ्या मुलीच्या वयाची. मी तिच्यापुढे गुडघ्यांवर बसले आणि पाण्याचं भांडं पुढे केलं.

"बाईसाहेब, हे काय? उठा. मी लहान आहे तुमच्यापेक्षा."

"असशील. मला क्षमा मागायचीय."

ती गोंधळली. शेजारणी दारात गोळा झाल्या. सगळ्यांचे चेहरे नम्र होते. मला वाटलं होतं कुणीतरी थुंकेल, कुणीतरी घरातून हाकलेल. त्याची तयारी करून गेले होते. तिने ओच्याला हात पुसले आणि पुढे केले. मी पाणी घातलं.

"झालं, बाईसाहेब," ती म्हणाली. "क्षमा केली. आता जेवून जा, भात गरम आहे."

मी जेवले. बांबूच्या कोंबांची भाजी होती, वर तिखट. कुणी मला घाई केली नाही. निघताना ती होडीपर्यंत पोचवायला आली, माझा हात धरून उतार उतरवला. मग हात सोडला आणि खालच्या आवाजात म्हणाली, "एक विनंती आहे. राग मानू नका."

"बोल."

"आमच्या गावाला दोऱ्याचं बोलावणं पाठवू नका. कुणी मरत असलं तरी."

"नाही पाठवणार," मी म्हणाले. "आणि पाठवलं तरी येणार कोण माझ्या बोलावण्याला?"

ती माझ्याकडे अशी बघत राहिली, जसं एखाद्या लहान पोराला समजावायचं असावं.

"तसं नाही, बाईसाहेब," ती म्हणाली. "बोलावणं आलं तर आम्हाला यावं लागेल."